फणसाची आठळी

तीर्थरूप बाबा,

पाया पडते, पण जागा विकून परत येणार नाही.

हे गेल्यावर शेजारचे गवंडीकाका म्हणाले, “ताई, अंगणात नुसता राडारोडा आहे. फरशी घालून मोकळ्या व्हा.” मी पहारच हाती घेतली. आता केळी कमरेएवढ्या झाल्यात. पपया थंडीनं करपल्या, तर पुन्हा लावल्या. हाताला फोड आलेत, ते आईला सांगू नका. तिचा गुडघा कसा आहे?

काल मधोमध फणसाची आठळी पुरली. फळ धरायला सात-आठ वर्षं लागतात, हे तुम्हीच शिकवलंत. तेव्हा परत कधी येतेस, हे आता विचारू नका. तब्येत जपा. पहिला फणस फोडायला तुम्हालाच इथे यायचंय.

तुमची हट्टी लेक