शंभर मीटरवरचा चेहरा

४ मार्च

बाबांना सफारीला जायचंय. एकट्याला. आणि कॅमेरा मी निवडून द्यायचा!

ज्यांनी आयुष्यात स्वतःहून एक फोटो काढला नाही, ज्यांना शेजाऱ्यांचं मांजर जिन्यात बसलेलं खपत नाही, त्यांना बिबट्या बघायचाय. आई म्हणाली, निवृत्त झाल्यावर माणसं बाग करतात, कुत्रं पाळतात, यांना थेट जंगलच लागलं. मी हसले. मग बाबांनी जंगलाचं नाव सांगितलं.

तेच. जिथे दादा जीप चालवतो.

हे घरात फक्त मला माहीत आहे. निदान आज सकाळपर्यंत तरी मी तसं धरून चालले होते.

५ मार्च

नीट लिहून काढते. डोकं ताळ्यावर राहतं.

दादाला घर सोडून सहा वर्षं झाली. कॉलेजला जातो असं सांगून तो वर्षभर एका गॅरेजमध्ये कामाला जात होता. बाबांना कळलं, तसे ते तिथे गेले आणि गिऱ्हाइकांसमोर त्याच्या कानाखाली वाजवली. मालकालाही सुनावलं. दादाची नोकरी गेली, आणि त्याच संध्याकाळी दादा गेला. घरात त्याचं नाव काढायचं नाही, असं बाबा म्हणाले. आम्ही नाही काढलं. आम्ही फार शिस्तीची माणसं.

वर्षभराने त्याने मला फोन केला. तेव्हापासून महिन्यातून एकदा, मी कॅमेरे दुरुस्त करते त्या वर्कशॉपच्या जेवणाच्या सुट्टीत, आम्ही बोलतो. माझ्या फोनमध्ये त्याचं नाव 'लेन्स क्लीनर' आहे. अट एकच, पहिल्याच दिवशी घातलेली – बाबांना पत्ता लागला तर मी इथूनही जाईन, आणि मग कुठे ते तुलाही सांगणार नाही. मी शब्द दिला.

म्हणजे प्रश्न दोन. बाबांना कळलंय का? आणि कळलं असेल तर तिथे जाऊन ते काय करणार? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी एकदा पाहिलेलं आहे.

७ मार्च

धागा सापडला. टोपीवाले काका. बाबांबरोबर जमीन मोजणी खात्यात होते, घरातसुद्धा टोपी काढत नाहीत. गेल्या आठवड्यात ते आले होते, नुकतेच त्याच जंगलातून परतलेले. मी कामावर होते. आईला सहज विचारल्यासारखं विचारलं, काय म्हणत होते?

"हत्ती, हत्ती आणि हत्ती. मी चहा टाकायला उठले नि परत आले, तर दोघं मूग गिळून बसलेले. म्हटलं, हत्ती संपले वाटतं."

कुठेतरी पाणी मुरतंय.

८ मार्च

सुटीचा दिवस. बाबांना समोर बसवून समजावलं. हलका कॅमेरा, त्याला छोटा झूम. गळ्यात ओझं नाही, हात हलला तरी फोटो बिघडत नाही, जीपमधून प्राणी जवळच दिसतात. सगळं खरं आहे. मी एकही वाक्य खोटं बोलले नाही. फक्त हे सांगितलं नाही, की त्या लेन्समधून लांबचा माणूस काडेपेटीतल्या काडीएवढा दिसतो.

पण समोर गिऱ्हाईक नव्हतं. चौतीस वर्षं मोजणीच्या दुर्बिणीला डोळा लावलेला माणूस होता. त्यांनी चष्मा पुसला आणि विचारलं,

"याने शंभर मीटरवरचा माणसाचा चेहरा ओळखू येईल?"

"माणसाचा?"

"माणसाचा, प्राण्याचा, तेच ते."

तेच ते नाही. बिबट्याच्या चेहऱ्याची ओळख कोण पटवून घेतं?

मी हिशेब केला. माझ्या छोट्या झूमने शंभर मीटरवर चेहरा पासष्ट ठिपक्यांचा येतो. माणूस आहे एवढं कळतं. चारशे मिलिमीटरच्या लांब लेन्सने अडीचशे ठिपके. त्यात ओळखीचा माणूस ओळखू येतो. कागद त्यांच्यासमोर होता, आकडा लपवता आला नाही.

"मग चारशे," बाबा म्हणाले.

९ मार्च

आज विचारलं – आवाज न होता फोटो निघतो का? शेजारच्यालासुद्धा कळू नये असा?

११ मार्च

वर्कशॉपमध्ये मास्तरांना विचारलं, पंधरा दिवसांसाठी शंभर-चारशे मिळेल का. मास्तर म्हणजे आमचे मालक. कुणी लेन्स मागितली की मुलगी मागितल्यासारखी चौकशी करतात. कुणासाठी, कुठे, धूळ किती, सांभाळणार कोण. बाबांसाठी म्हटल्यावर चौकशी सोडून म्हणाले, "कपाटात दोन आहेत. बघून ने."

दोन होत्या. एक ठणठणीत. दुसरी कुणाच्या तरी हातून पडलेली, आतली एक काच केसभर सरकलेली. वरून दिसत नाही. शंभरला उत्तम, चारशेला सगळं धुरकट. चाचणीच्या तक्त्यावर लावून मीच चिठ्ठी चिकटवली होती – दुरुस्तीस.

चिठ्ठी काढली असती तर कुणाला कळलं नसतं. बाबा म्हणाले असते, हात हलला. कितीतरी वेळ दोन्ही लेन्स टेबलावर शेजारी शेजारी ठेवून बसले होते.

चांगली आणली. मी गोष्टी लपवते, ते जमतं मला. पण बिघडलेली लेन्स चांगली म्हणून कुणाच्या हातात देणार नाही. शत्रूच्याही नाही. आणि हे तर बाबा आहेत.

१३ मार्च

बाबांचा सराव सुरू. गॅलरीतून समोरचा बसथांबा. झाडावर पक्षी आहेत, कठड्यावर खारी आहेत, तिकडे ढुंकून बघत नाहीत. बसवाले टिपतात. एकेक बस थांबली की आवाज न करता पाच-सहा. संध्याकाळी मला दाखवले – घाम पुसणारा, तंबाखू मळणारा, जांभई देणारा.

"बसवालेच का?"

"दुसरं काय हलतंय इथे?"

चेहरा कोरा. मीही माझा कोराच ठेवला.

आईने त्यांच्या जुन्या विजारीचा पाय कापून पिशवी शिवली, आत सुके वाटाणे भरले. जीपच्या कठड्यावर ही ठेवायची आणि तिच्यावर लेन्स टेकवायची. तेवढी युक्ती मी सांगितली होती. आई म्हणाली, "विजार शेवटी कामाला आली. माणूस कधी येतोय बघू."

बाबा हसले! फार दिवसांनी. आणि मला ते हसू बरं वाटलं नाही. कसली तयारी चाललीय की ज्याने ते इतके खुशीत आहेत?

१५ मार्च

झालं. आता शंका राहिली नाही.

बाबांचा प्रश्न – बसच्या समोरच्या काचेवर आकाश चमकतं, आतला माणूस दिसत नाही, यावर काही उपाय? मी सवयीने उत्तर देऊन मोकळी झाले. आहे, एक फिल्टर असतो, लेन्सवर लावून फिरवायचा, काचेवरची चमक जाते. "तो घेऊन ये," ते म्हणाले.

मग बसमध्ये उभी असताना डोक्यात प्रकाश पडला. सफारीची जीप वरून, बाजूने, सगळीकडून उघडी असते. आपल्यात आणि प्राण्यात काच येतेच कुठे? काच असते ती समोरून येणाऱ्या जीपला. आणि तिच्यामागे बसतो ड्रायव्हर.

काकांनी दादाला पाहिलंय. बाबा आधी लांबून खात्री करून घेणार. मग जवळ जाणार. मग गॅरेजमध्ये झालं तेच, या वेळी पर्यटकांसमोर.

१६ मार्च

जेवणाच्या सुट्टीत मागच्या जिन्यात उभी राहून फोन केला. सगळं सांगितलं. जंगल, लेन्स, फिल्टर, बसवाले. तारखा सांगितल्या.

दादाच्या मागे कुणीतरी जीप धूत होतं, पाण्याचा आवाज येत होता. तो म्हणाला, "तुझी खात्री आहे?"

"आकडे तेच सांगतायत."

"तुझे आकडे कधी चुकत नाहीत." हसला थोडा. आई कशी आहे विचारलं. मग म्हणाला, "इथे मला बरं वाटत होतं गं."

'होतं' म्हणाला.

मी म्हटलं, दादा, चार दिवस रजा टाक, तेवढंच. तो म्हणाला, बघतो.

१७ मार्च

बाबांनी विचारलं, "तूही चल की." माझ्याकडे न बघता, लेन्सचं झाकण लावत. रजा नाही म्हटलं. मला बरोबर कशाला न्यायचंय? माझा चेहरा बघायला. दादाची जीप दिसली की मी आधी दचकेन, एवढं ते मला ओळखतात.

पुन्हा म्हणाले, "मास्तरांना मी विचारू का?" नको म्हटलं. त्यांनी मान हलवली. तेवढ्यावर सोडलं. हेही त्यांच्या स्वभावाला धरून नाही.

२० मार्च

गेले. पिशवीत कॅमेरा, वाटाण्यांची उशी, दोन बॅटऱ्या. निघताना आईला म्हणाले, कुलूप नीट लाव. बस.

आई दार लावून आत आली आणि म्हणाली, सहा वर्षांत यांना कुठे जायची घाई झालेली पाहिली नाही, आज पहाटे चार वाजल्यापासून तयार होऊन बसले होते.

२२ मार्च

'लेन्स क्लीनर' बंद. तीनदा लावला. संध्याकाळी अनोळखी नंबरवरून संदेश – *रजेने भागणार नव्हतं. काम सोडलं. तू शब्द पाळलास, मीही पाळतोय. कुठे ते विचारू नकोस. आईला जप.*

उलट फोन केला. तो नंबर भलत्याच माणसाचा. म्हणाला, कुणीतरी स्टँडवर दोन मिनिटांसाठी फोन मागितला होता.

ठरवलं होतं तसंच झालं. बाबांच्या हाती तो लागला नाही. मी केलं ते बरोबरच होतं. हे वाक्य दोनदा वाचलं.

२५ मार्च

बाबा परत आले. कानामागे धूळ, उन्हाने नाक सोललेलं. जेवताना आईने विचारलं, काय काय दिसलं? म्हणाले, धूळच फार. मी विचारलं, कुणाशी बोललात का, तिथल्या ड्रायव्हरांशी वगैरे? "कुणाशीच नाही," म्हणाले. "जीपमधून उतरलोसुद्धा नाही."

खरं बोलतायत असं वाटलं. त्यामुळेच धास्ती वाटली.

कार्ड माझ्या हातात दिलं. उद्या सणाची सुटी आहे ना, सकाळी लाव, म्हणाले.

२६ मार्च

चारशे बारा फोटो. एकही प्राणी नाही. सगळे ड्रायव्हर.

बाबांनी खुर्ची ओढली, माझ्या शेजारी बसले आणि म्हणाले, "टोपीवाल्याला वाटलं होतं, तिथे आपला मुलगा दिसला. मी लांबूनच बघणार होतो. त्याला कळू द्यायचं नव्हतं, कळलं असतं तर तो तिथूनही निघून गेला असता. पण सहा वर्षं झाली. दाढी ठेवली असेल, बारीक झाला असेल. मला ओळखू येईल याची खात्री वाटेना. म्हणून तुला चल म्हणत होतो. आता तू बघ."

फोटो सगळे स्वच्छ आहेत. काचेवर चमक नाही, हात कुठेच हललेला नाही. मी एकेक चेहरा मोठा करते. बाबा पुढे वाकतात.

"हा?"

"नाही."

"हा?"

"नाही, बाबा."