एकशे ब्याण्णव, एकशे अडुसष्ट, एक, सात

२ ऑगस्ट २००४
डायरी जानेवारीत आणली. उद्यापासून लिहू म्हणता म्हणता ऑगस्ट उजाडला. मधले सात महिने अनुभव घेण्यात गेले असं धरू.
आजपासून शिस्त. धर्माबादहून बाबांचा फोन. महिनाअखेर तुझ्या वेबसाइट बनवायच्या धंद्याला तीन गिऱ्हाइकं दाखव, नाहीतर परत येऊन आपल्या मिरची-कांडपावर बस. तीनच? तीस दाखवीन.

४ ऑगस्ट
खोलीत केबलवाल्याचं इंटरनेट आलं. कंपनीची वेबसाइट माझ्याच कॉम्प्युटरवर ठेवली. दुसऱ्याकडे जागा कशाला घ्या? कॉम्प्युटरला त्याचा पत्ता विचारला: १९२.१६८.१.७. भारदस्त आहे. घरमालक हणमंतराव खालीच राहतात. त्यांच्या घराचा फोटो टाकला, 'आमचे मुख्य कार्यालय'. बाबांना 'मसाला उद्योगपती' केलं. मुलाचं कर्तव्यच आहे ते.

६ ऑगस्ट
हाच पत्ता घालून दोनशे कार्डं छापली. पहिलं हणमंतरावांना.

७ ऑगस्ट
कार्डं वाटायला बेगम बाजारला निघालो. वाटेत नामपल्लीला चहा. शेजारच्या माणसाने कबुतरं पाळण्यातले बारकावे सांगितले. बाजार बंद झाला. कबुतरांत दम आहे.

१० ऑगस्ट
केबलवाला सुरेश वायर बघायला आला. कार्ड वाचून हसला. म्हणे, भाई, ये अंदर का नंबर है. सात नंबर का मकान हर गल्ली में रहता, पोस्टमन खाली सात पढके किधर जाता? बाहर पूरे लाइन का एकच नंबर है, वो भी बदलते रहता. पक्का होना तो अलग से लेना पडता.
नक्को म्हटलं. दहावी नापास माणूस. मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षापर्यंत गेलोय.

१३ ऑगस्ट
बाबांचा फोन. धर्माबादच्या कॅफेत त्यांनी माझा पत्ता टाकला तर पासवर्ड मागितला. कॅफेवाला धावत आला, म्हणाला, काका, माझ्याच मशीनमध्ये कशाला घुसताय? बाबा म्हणाले, तुझ्या दुकानाला कुलूप आहे. मी म्हटलं, मोठ्या कंपन्यांत सिक्युरिटी असतेच. त्यांनी फोन ठेवला. इम्प्रेस झाले असावेत.

२४ ऑगस्ट
वेबसाइटवर कोण येऊन गेलं ते तपासलं. एकच जण, पण एकवीस वेळा! त्याचाही पत्ता १९२.१६८ नेच सुरू होतो. म्हणजे आपल्याच तोलामोलाचा. बंगलोरचा असावा. उद्या सुरेशला दाखवतो.

२५ ऑगस्ट
राहिलं. कबुतरवाला भेटला.

३० ऑगस्ट, सकाळी
बंगलोर नाही. हणमंतराव. दोघं एकाच वायरीवर असल्याने त्यांना सगळं स्वच्छ दिसतं. घरचे सगळे वाचतात म्हणे. आमच्या घरातलं कोण कोण तुमच्या नोकरीत आहे, असं जिन्यात अदबीने विचारलं. मी घाईत असल्याचं सांगितलं.
तरी एक गिऱ्हाईक धरायला हरकत नाही. दोन हवीत. अजून दीड दिवस आहे.

त्याच दिवशी, दुपारी
हणमंतरावांची मुलगी योगिनी आत्ता वर येऊन गेली. बाबा आलेत. न कळवता. खाली बसलेत, हणमंतरावांनी माझी वेबसाइट उघडून दिलीय, चष्मा लावून वाचतायत. चिडलेत का, विचारलं. म्हणाली, नाही, धर्माबादला संध्याकाळची गाडी किती वाजता, तेवढं विचारत होते. दोघांसाठी.