तीन बाजूंनी हाका

३ फेब्रुवारी
आलो बुवा एकदाचा! अभयारण्याच्या कुंपणाला लागून असलेल्या या रिसॉर्टचा मॅनेजर म्हणून आज रुजू झालो. खोली झकास. खिडकी जंगलाकडे, नळाला गरम पाणी, आणि गादी अशी की आईने पाहिली असती तर म्हणाली असती, लाडावलास हो! स्वयंपाकाच्या मावशी, झाडलोट करणाऱ्या बायका, जीपचे ड्रायव्हर, सगळे शेजारच्या वस्तीतले. ही वस्ती पूर्वी जंगलाच्या आत होती. अभयारण्य झालं तेव्हा उचलून बाहेर आणून बसवली. आता त्यांना लाकूडफाटा, मध, गुरांचा चारा, सगळं बंद. मावशी म्हणाल्या, आत गेलो तर चोर, बाहेर राहिलो तर नोकर. बाई फटकळच, पण हाताला चव आहे.

९ फेब्रुवारी
जिला पाहायला पाहुणे येतात ती इथली वाघीण कोणालाच दिसत नाही. पाहुणे तणतणतायत. मालकांचा फोन आला की महिनाअखेरपर्यंत ती दिसली नाही तर मी गाशा गुंडाळायचा. म्हणजे माझी नोकरी एका जनावराच्या मर्जीवर!

संध्याकाळी मावशींशी बोलताना कळलं की शिकारीच्या काळात यांचे आजे-पणजे हाका करायचे. तीन बाजूंनी डबे बडवत जनावराला हुसकायचं आणि चौथी बाजू मोकळी सोडायची. तिथे साहेब बंदूक घेऊन बसलेला. जनावर घाबरलं की अक्कल गहाण टाकतं, जिकडे शांत तिकडेच पळतं. माझं डोकं चालायला लागलं. बंदुकीऐवजी कॅमेरे ठेवले की झालं!

११ फेब्रुवारी
वस्तीतल्या पुरुषांना बोलावलं. रोज सकाळी गुपचूप हाका करायचा. जो येणार नाही, त्याच्या घरातल्या कोणालाही इथे काम नाही. मावशींचा जावई हात जोडून सांगत होता की वाघिणीला पिल्लं आहेत, ती उलटेल. मी म्हटलं, मग डबा जरा जोरात बडव. या विनोदावर मी एकटाच हसलो.

१४ फेब्रुवारी
दिसली! पिल्लांसकट! पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या, मालकांनी फोनवर शाबासकी दिली. जावयाचा डबा तर लांबूनही ओळखू येतो. दोन ठोके, मग थांबा. पुन्हा दोन ठोके.

१९ फेब्रुवारी
जावई गेला. वाघीण उलटली ती थेट त्याच्या अंगावर, पाहुण्यांच्या डोळ्यांदेखत. एका बाईंनी रडत रडत सगळं मोबाइलवर घेतलं, आणि नंतर उद्याची फेरी होणार ना, म्हणून विचारलं. होणार, म्हटलं.

हाक्याची भानगड बाहेर पडली असती तर मी तुरुंगात गेलो असतो. म्हणून वनखात्याला जबाब दिला की तो लाकडं चोरायला घुसला होता. चोराच्या घरच्यांना भरपाई मिळत नाही, त्याला मी काय करणार? मावशींची लेक सात महिन्यांची गरोदर आहे. झाडलोटीला यायची, तिलाही कमी केलं. चोराच्या बायकोला कसं ठेवणार? मावशी माझं ताट वाढून निघून गेल्या. वाईट वाटलं. जेवण मात्र व्यवस्थित गेलं.

२१ फेब्रुवारी
कामाला कोणीच आलं नाही. ड्रायव्हर पाहुण्यांना स्टेशनवर सोडायला म्हणून गेले ते जीपसकट गायब. मालक म्हणाले, तूच निस्तर. खिचडी केली, करपली.

२२ फेब्रुवारी
सकाळी डबे वाजले. वस्तीकडून. हाका तर बंद पडलाय. पाहुणे नाहीत. मग हे कोणासाठी?

२३ फेब्रुवारी
आज रस्त्याकडूनही. गेटपर्यंत गेलो — झाडांआड माणसंच माणसं. बाया, म्हातारे. मावशीसुद्धा. हाक मारली. कोणी ओ देईना, नुसते बडवतायत. पळत परत आलो. वनखात्याला फोन — कोणी उचलत नाही.

२४ फेब्रुवारी
नाल्याकडून पण — अंगणापर्यंत आलेत. मी ओरडून सांगितलं, जबाब बदलतो, सगळं खरं सांगतो — ऐकूच जात नाही त्यांना —

त्यात एक डबा — दोन ठोके, मग थांबा. पुन्हा दोन. तो तर — माझ्यासमोर नेला होता त्याला, चादरीत गुंडाळून —

आता दारावर. दोन ठोके.

आई गं —

खिडकीकडे काहीच आवाज नाही. जंगलाची बाजू शांत आहे. एकदम शांत. देवाची कृपा! तिकडून पळालो तर वनखात्याची चौकी — खिडकीची कडी निघाली — तिकडूनच —