‘नाकारले’चा शिक्का

४ जून
दादाचं पाकीट आलं. चार वर्षांनी! घर बदलताना आईची कवितांची वही रद्दीत घातली त्यानं — चुकून, म्हणे! तेव्हापासून बोलणं बंद. आता कसली वाचा फुटली?
पोस्टमनला म्हणालो, परत न्या. तो म्हणाला, "आजोबा, वर ‘नाकारले’ असं लिहून द्या." लिहून? माझं अक्षर दादाच्या हाती पडू देऊ? उद्या या म्हटलं.

५ जून
खोडरबर आणून शिक्का कापला. मऊ पेन्सिलीनं कागदावर शब्द लिहायचा, कागद रबरावर उपडा ठेवून नखानं घासायचा, की अक्षरं आपोआप उलटी उमटतात. मग भोवतालचं रबर ब्लेडनं हळूहळू उतरवायचं. शिकवलं दादानंच. मी चौथीत होतो, मागच्या पायरीवर बसलो होतो दोघं.
शाळेची पुस्तकं वर्ष संपलं की परत करावी लागत, म्हणून आई त्यांतल्या कविता वहीत उतरवून घ्यायची. प्रत्येक कवितेखाली आम्ही आमचा शिक्का उठवायचो — पाखरू, होडी, ढग. भांडी घासता घासता आई पहिली ओळ म्हणायची, मग दादा. कडव्यामागून कडवं असं चालायचं. कवितेची शेवटची ओळ मात्र माझी. ती दुसऱ्या कुणी म्हटली तर मी रडायचो! त्या ओळी अजून जिभेवर आहेत. वही नाही.
कापताना ‘र’चा पाय तुटला. तेव्हाही तुटायचा. "लहान्या, अक्षराला पाय ठेव रे, उभं कसं राहील ते?"
गप्प बस, दादा.

६ जून
पाकीट रवाना. पोस्टमन शिक्का बघून म्हणाला, "घरचंच टपालखातं काढलंत की!"

१ जुलै
दुसरं पाकीट. ठप्प!
बायको म्हणाली, "अहो, फोडून तर बघा. माफी मागितली असेल." म्हटलं, त्यानं वही परत येते का? "नाही येत. मग काय, भाऊही रद्दीत घालणार?" मी शिक्का पुसून ठेवला. आतून तिचा आवाज — "सत्तरी उलटली, खोडरबर सुटेना!"

२२ जुलै
तिसरं. उजेडात धरलं क्षणभर. आखूड आखूड ओळी, खाली मोकळी जागा. माफीसुद्धा याला सलग मागता येत नाही!
ठप्प.

१४ ऑगस्ट
चौथं. ठप्प.

१८ सप्टेंबर
महिना उलटला, पाकीट नाही. थकला शेवटी. जिंकलो मी.
"काय आजोबा, टपालखातं बंद?" — पोस्टमन. हसू आलं नाही. शाईची गादी वाळून कडक झाली आहे. उगाच दोन थेंब पाणी घातलं.

९ ऑक्टोबर
वहिनीच्या अक्षरातलं जाड पाकीट. सवयीनं शिक्का उचलला, तर बायकोनं पाकीट हिसकावलं. "या बाईनं काय केलंय तुमचं?" तिनंच फोडलं.
आत मी परत पाठवलेली दादाची चार पाकिटं. तशीच बंद. आणि चिठ्ठी —
"भाऊजी, हे सगळं विसरत जातील असं डॉक्टरांनी मे महिन्यात सांगितलं. तेव्हापासून घाईघाईनं लिहीत बसायचे. काय ते मला दाखवत नसत. पाकीट परत आलं की शिक्क्यावर बोट फिरवून हसायचे, ‘लहान्यानं र ला अजून पाय ठेवला नाही,’ म्हणायचे. आता मलाही ओळखत नाहीत. ही तुमची तुम्हाला."
बायको चारही पाकिटं माझ्यापुढे ठेवून आत गेली.

१० ऑक्टोबर
फोडली. माफीचा शब्द नाही. वहीतल्या कविता, दादाला आठवल्या तशा. प्रत्येकीची शेवटची ओळ कोरी. तिथे पेन्सिलीनं — "लहान्या, ही तुझी."