पेटीच्या पांढऱ्या पट्ट्या

केज, माघ शुद्ध ४, शके १८५०

ती. तुळजाअक्कास, सत्यभामेचा सा. न. वि. वि.

इकडं समदे खुशाल हायेत, फकस्त मी न्हाई. हे मामांच्या घरच्या लग्नाला हैदराबादेस गेलेत. म्हटलं, येईपर्यंत यांची बाजाची पेटी चकाचक करून ठेवावी. भांड्याची राख घेतली अन् पांढऱ्या पट्ट्या खसाखसा घासल्या. पट्ट्या निघाल्या कचकड्याच्या. आधी त्यात तोंड दिसायचं, आता नुसते ओरखडे हायेत.

लग्नाला वरीस झालं न्हाई. हे पेटीशी जेवढं बोलतात तेवढं बी माझ्याशी बोलत न्हाईत, अन् मी तिचंच तोंड खरवडलं. नणंद अंजना म्हणते, दादा तुमाला माहेरी धाडतील. म्हणते अन् खुदूखुदू हसते. मग मला बी हसू फुटतं, अन् लगेच रडू येतं. हे पौर्णिमेला येणार. इलाज असंल तर लवकर कळव, अन् वेंधळ्या बहिणीवरची माया पातळ करू नको.

तुझी सत्यभामा

उमापूर, माघ शुद्ध ८

चि. सौ. सत्यभामेस, तुळजाबाईचे अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून इतकी हसले की तव्यावरची भाकर करपली. दाजी विचारत होते काय झालं, तर मला सांगता येईना. अगं, राख कशाला लावलीस? पेटी म्हंजे काय पितळेचं घंगाळ हाय?

आता ऐक. माझ्या कचकड्याच्या फणीला पोरांनी ओरखडे पाडलते, तवा आमी केलतं ते सांगते. खडू कुटून वस्त्रगाळ कर. बारीक खडा राहिला तर नवा ओरखडा पडंल. त्यात खोबरेलाचा थेंब घाल अन् जुन्या मऊ धोतराच्या चिंधीनं, हलक्या हातानं, एकाच अंगाला घास. मग कोरड्या फडक्यानं पूस. आधी कडेच्या पट्टीवर करून बघ. पाणी लावू नको. दिव्याजवळ तर बसूच नको, कचकडा भप्पकन पेटतो. खोल ओरखडा जायचा न्हाई, पर चमक येईल.

तुझे राधाकिशनराव घरी आले की त्यांना खरं काय ते सांग. सासूबाईंस नमस्कार, अन् मी हसले म्हणून रुसू नको.

तुझी अक्का

केज, माघ वद्य ८

ती. अक्कास सा. न. वि. वि.

काय सांगू अन् किती सांगू असं झालंय. ओसरीत पेटी घेऊन घासत बसले. अंजनानं खोडी काढून मागून भाता मारायला सुरुवात केली. मी पट्टी घासली की पेटी म्हशीवाणी हंबरायची, दुसरी घासली की मांजरावाणी. आमी दोघी हसून हसून लोळलो. तेवढ्यात अंजना गप झाली. बघते तर दारात हे. पौर्णिमेला यायचे ते आदल्या दिवशीच आले.

माझ्या हातात तेलकट चिंधी, अन् ती यांच्याच धोतराची. मी खाली मान घालून समदं खरं सांगितलं. यांनी पेटी पुढ्यात ओढली. वाकून एकेक पट्टी पाहिली. मग म्हणाले, हिच्यात तर तुझं नाक दिसतंय. अंजनाला उठवलं, सोता भात्याशी बसले अन् म्हणाले, मी हवा देतो, तू घास. सासूबाईंनी दिवेलागणीची हाक दिली तवा आमी उठलो.

अक्का, पट्ट्या आता लख्ख हायेत. दोनचार रेघा राहिल्यात, त्या राहू दे म्हणतात. घासायला काही उरलं न्हाई. तरी रोज दुपारी हे सोताच चिंधी घेऊन येतात, अन् म्हणतात, ही एक जरा मळकट वाटते.

आत्ता बी हाक आली. पत्र इथंच सोडते, तू मात्र मला सोडू नको.

तुझी सत्यभामा