भुंग्या जेवला पाहिजे

कल्याणअण्णा,

रझाकारांशी लढायला सरहद्दीपलीकडच्या कॅम्पावर चाललोय. विचारलं असतं तर तुमी जाऊ दिलं नसतं.

भुंग्याला घरीच ठेवलंय. परवा रझाकार दारात आले तवा आपण दोघं भाऊ कणगीमागं दडलो, आन् हा कुत्रा एकटा आईपुढं उभा राहिला. असा गडी घरालाच पाहिजे.

मल्लय्या देवाच्या नावाची पहिली भाकरी त्याचीच. परगावी गेलेलं माणूस सुखरूप असलं तरच तो ती खातो, असं आई मानते. खरं म्हंजे माझा वास आल्याबिगर तो तोंडच लावत न्हाय. म्हणून रुमाल ठेवलाय, भाकरीजवळ टाका.

आईला सांगा, तुळजापूरला गेलाय. तुमचं तिला खरं वाटायचं न्हाय. भुंग्याचं वाटंल.

तुमचा धाकटा,
बंडप्पा