सुनंदाचा बोर्ड

शहापूर, मंगळवार, २००८

माझ्या मैत्रिणीने, सुनंदाने, आणि मी पत्रिकांच्या कामासाठी एकाच दिवशी सारखाच प्रोसेसर घेतला, तरी तिचा जोरात पळतो. काल किन्हवलीला तिच्या घरी पाहिलं. बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये, तिने वेगाचा आकडा वाढवला आणि लग्नपत्रिकेचं डिझाइन चटकन उघडलं. माझ्याकडे तो आकडा दिसतो, बदलत मात्र नाही.

आज दुकानदार म्हणाला, "ताई, प्रोसेसर चांगलाच हाय. तुमच्या मदरबोर्डावरचा चिपसेट स्वस्तातला, तो वेग वाढवू देत नाय."

म्हणजे दम आहे, पण बोर्ड आडवा येतो! नुसता जळफळाट झाला. तेवढ्यात सुनंदाचा फोन. मी काय बोलून गेले? "आकडा खाली आण गो, प्रोसेसर जळेल. दुकानदारच सांगत होता."

"बरं झालं सांगितलंस," म्हणाली बिचारी.

आधी बरं वाटलं, खोटं कशाला लिहू? मग तिचं ते 'बरं झालं' आठवत राहिलं. तासाभराने मीच फोन लावला. "सुनंदा, मी खोटं बोलले."

"ठाव हाय. मी दुकानदाराला विचारलं. आकडा परत वाढवलाय. तुझं काम अडलं तर इकडं ये, माझ्या मशीनवर बस."

आता तिच्या मनाचाही हेवा वाटतोय.